सायकलीवरून पाच गावे
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



दिवसभर शेतात, वाडीत, कारखान्यात राबून तुम्ही इथे आलात. डोळ्यांवर झोप असेल. म्हणून आज आम्ही लांबण लावणार नाही. आज तुम्हाला एका प्रवासाची हकिगत सांगतो. हा प्रवास काशी-रामेश्वराचा नाही. आपल्याच पालघर तालुक्यातला आहे. आणि तो आम्ही सायकलीवरून केला.

कुणी म्हणेल, सायकलीचं एवढं काय कौतुक? ती तर आमच्या पडवीत उभीच आहे! खरं आहे. पण पडवीत उभी राहिलेली सायकल आणि फळीवर ठेवून दिलेले पुस्तक, दोन्ही सारखीच. वापरली तर आपली. नाहीतर नुसती धूळ खाणार.

तर ऐका, सुरुवात कशी झाली.

एके रात्री वर्गात आम्ही फळ्यावर पाच नावे लिहिली. काशिनाथ पागधरे. गोविंद ठाकूर. रामप्रसाद तिवारी. रामचंद्र चुरी. सुकूर मोरे. म्हटले, कोण वाचतो?

वर्गातले एक काका उठले. वय पन्नाशीच्या पुढचे. मनोरच्या बाजूला त्यांचा पाडा. थोडी भाजी पिकवतात. सायकलीवर लादतात आणि खिंड ओलांडून पालघरला विकायला आणतात. काकांनी फळ्यावर बोट ठेवले. एकेक अक्षर लावत पाचही नावे वाचली. कपाळाला घाम आला, पण वाचली. मग विचारले, "गुरुजी, ही माणसं कोण?"

आम्ही सांगितले. १९४२ सालची गोष्ट. इंग्रजांचे राज्य होते. ऑगस्ट महिन्यात गांधीजींनी मुंबईत 'चले जाव'ची हाक दिली. ती हाक आपल्या भागातही पोचली. १४ ऑगस्ट १९४२ ला गावोगावची माणसे तिरंगा घेऊन पालघरच्या कचेरीकडे निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण पडले. त्यांचीच ही नावे. पालघरच्या हुतात्मा चौकात त्यांचे स्मारक आहे. लोक त्या चौकाला पाचबत्ती म्हणतात.

काका गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पाचबत्तीपाशी मी किती वर्षं सायकल टेकवतोय! सगळे पाचबत्ती म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो. पाच कशाचे, ते कधी विचारलंच नाही."

मग त्यांनी पुढचा प्रश्न केला, "ही माणसं राहणारी कुठली?"

आम्ही फळ्यावर नावांपुढे गावे लिहिली. पागधरे सातपाटीचे. ठाकूर नांदगावचे. तिवारी पालघरचे. चुरी मुरब्याचे. मोरे सालवडचे.

काका म्हणाले, "म्हणजे सगळी आपल्याच आसपासची! मग जाऊन बघू या की."

"कसे जायचे?" आम्ही विचारले.

काका हसले. "पाय आहेत, सायकल आहे. आणखी काय पाहिजे?"

बेत ठरला. आम्ही दोघे आणि काका, असे तिघे जण. शनिवारी सकाळी निघायचे. आदल्या रात्री आम्ही काकांच्या पाड्यावर मुक्कामाला गेलो.

जेवताना काकांची नात वाढत होती. आठवीत शिकणारी चुणचुणीत पोर. आम्ही सहज विचारले, "बाळ, शाळा कशी चाललीय?" पोरीने खाली पाहिले. काका म्हणाले, "पुढली शाळा सहा किलोमीटर लांब. जायला दीड तास, यायला दीड तास. वेळेवर गाडी नाही. निम्मे दिवस घरीच असते."

आम्ही म्हटले, "मग तिला सायकल शिकवा."

काकांचा चेहरा आवळला. म्हणाले, "पोरीची जात आहे, गुरुजी. रस्त्यानं सायकल हाणत गेली तर लोक काय म्हणतील?"

आम्ही तिथे जास्त बोललो नाही. पाहुण्याने भाकरी खावी, यजमानाशी वाद घालू नये.

पहाटे उठलो. निघण्याआधी काकांनी आपली सायकल तपासली. अंगठ्याने टायर दाबून हवा पाहिली. चेनला तेल दिले. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. ब्रेकचे रबर झिजले आहे का, ते वाकून बघितले. मग घंटी वाजवली. आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुमची बघितली का?" आम्ही ऐटीत म्हणालो, "अहो, आमची सायकल चांगली आहे." हे वाक्य ध्यानात ठेवा, मंडळी. त्याचे फळ पुढे मिळायचे होते.

मनोरहून पालघरला येताना वाघोबाची खिंड लागते. दोन्ही बाजूला डोंगर आणि रान. साग, ऐन, खैर, मोह. वर काळदुर्गाचा कातळ दिसतो. चढ लागला तसा आमचा दम निघाला. आम्ही खाली उतरून सायकल ढकलू लागलो. लाज वाटली. पण काकाही उतरले. म्हणाले, "चढाला उतरावं. छातीवर जोर काढू नये. सायकल आपल्याला नेते, तशी कधी आपणही तिला न्यावी."

सायकलीवर एक गंमत आहे. मोटारीतून रान नुसते हिरवे दिसते. सायकलीवरून झाड न् झाड दिसते. पाखरांचा आवाज कानावर येतो. मोहाचा वास येतो. डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसते आणि तिला 'येतो हो' म्हणता येते.

खिंडीत वाघोबाचे देऊळ आहे. वारली आणि इतर आदिवासी बांधव वाघाला देव मानतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी वाघोबाची पूजा होते. रानात बिबट्या आहे. तू आमच्या वाटेला येऊ नको, आम्ही तुझ्या वाटेला येत नाही, असा तो जुना करार. काकांनी हात जोडले. आम्हीही जोडले.

आता उतार. उतार म्हटला की सायकलीला पंख फुटतात. आम्हीही सोडली मोकळी. वळण आले. ब्रेक दाबला. ब्रेक लागेना! रबर पार झिजून गेले होते. समोरून ट्रक येत होता. आम्ही हँडल डावीकडे वळवले आणि रस्त्याकडेच्या गवतात आडवे झालो. गुडघा सोलला, कोपर सोलले. नशीब चांगले, म्हणून एवढ्यावर निभावले.

काका धावत आले. उठवले, बसवले, पाणी पाजले. ओरडले मात्र नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, वर्गात तुम्ही म्हणता, लिहिलेलं परत एकदा वाचून बघा. सायकलीचंही तसंच आहे."

त्या दिवशी गुरुजी कोण आणि चेला कोण, ते आम्हाला समजले. पालघरपर्यंत आम्ही पायीच आलो. तिथल्या सायकलवाल्याने नवे रबर बसवले. दहा मिनिटांचे काम. त्या दहा मिनिटांचा आळस केला म्हणून जीव जायची वेळ आली होती.

मग आम्ही पाचबत्तीला गेलो. काकांनी रोजच्यासारखी सायकल टेकवली. पण आज ते पाठ करून उभे राहिले नाहीत. चपला काढल्या. डोक्यावरची टोपी काढली. पाचही नावे तोंडाने म्हटली, एकही न अडखळता. शेजारी एक भाजीवाली बसली होती. ती म्हणाली, "काय हो, आज काय पूजा?" काका म्हणाले, "बाई, ज्या चौकात आपण पोट भरतो, तो कुणाचा आहे ते आज कळलं." आणि तिला त्यांनी १४ ऑगस्टची सगळी गोष्ट सांगितली. आम्ही सांगितली होती, त्याहून चांगली सांगितली.

तिथून सातपाटीच्या रस्त्याला लागलो. रस्ता सपाट. वाटेत शिरगाव लागते. तिथे समुद्राकाठी जुना किल्ला आहे. पुढे सातपाटी. मोठे मासेमारीचे गाव. इथले पापलेट लांबलांबच्या बाजारात जाते. होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी पसरलेली, बायका मासळीच्या कामात गढलेल्या. हे काशिनाथ पागधरे यांचे गाव.

किनाऱ्यावर उभे राहिलो. खाडीच्या पलीकडे एक गाव दिसत होते. आम्ही म्हटले, "ते मुरबे. आपले दुसरे गाव." काका म्हणाले, "हे काय, हाकेच्या अंतरावर!" पण मध्ये खाडी. सायकलीने जायचे तर केवढा तरी वळसा. काका म्हणाले, "दिसतं जवळ आणि असतं लांब. अगदी जोडाक्षरासारखं!" आम्ही पोट धरून हसलो.

रात्री पालघरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे बोईसरच्या रस्त्याला लागलो. पालघर ते बोईसर सुमारे बारा किलोमीटर. चालत गेले तर अडीच-तीन तास. सायकलीने तासाभरात पोचता येते. तेलाचा खर्च नाही, तिकिटाचा खर्च नाही, कुणाची वाट पाहणे नाही. गरिबाची घोडी म्हणतात ती हीच. या घोडीला चारा लागत नाही.

वाटेत एक गोष्ट घडली. रविवार असूनही पाच-सहा मुली सायकलीवरून कुठे तरी निघाल्या होत्या. पाठीवर दप्तरे. एकीमागे एक, डाव्या बाजूने, ओळ न मोडता. आमच्या शेजारून भुर्रकन गेल्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले. आम्ही ती संधी सोडली नाही. म्हटले, "काका, एक खरी गोष्ट सांगू?"

"सांगा."

आम्ही सांगितले. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१ साली साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. तेव्हा शीलाराणी चुंकत नावाच्या बाई तिथे जिल्हाधिकारी होत्या. त्या मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतमजूर बाया, खडी फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका. हजारो बाया सायकल शिकल्या. सुरुवातीला लोक हसले, नावे ठेवू लागले. पण बाया थांबल्या नाहीत. ज्या कामाला नवऱ्याची, भावाची वाट पाहावी लागे, ते काम त्या आपले आपण करू लागल्या. कुणी पाणी आणले, कुणी माल बाजारात नेला, कुणी पुढे पोराला बसवून दवाखाना गाठला. शेवटी हसणारे थकले.

काका काही बोलले नाहीत. नुसते पायडल मारत राहिले.

बोईसर आले. इथे रेल्वे आहे आणि तारापूरची मोठी औद्योगिक वसाहत आहे. मोठमोठे ट्रक, टँकर. इथे सायकलस्वाराने फार जपावे. आम्ही तीन नियम केले होते. एक, कायम डाव्या कडेने आणि एकामागे एक. दोन, मोठी गाडी वळत असेल तर तिच्या आतल्या बाजूला शिरायचे नाही, कारण तिथे चालकाला आपण दिसत नाही. तीन, फारच गर्दी झाली तर खाली उतरून चालायचे. त्यात कमीपणा नाही. पोचणे महत्त्वाचे.

वळसा घालून मुरब्याला गेलो. रामचंद्र चुरी यांचे गाव. ओट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते. विचारले, "कुठून आलात?" आम्ही सांगितले आणि का आलो तेही सांगितले. बाबांनी आमच्या सायकलींकडे पाहिले. म्हणाले, "माझे वडील सांगायचे. त्या दिवशी माणसं चालत गेली होती. वरून पाऊस, खाली चिखल. ऑगस्ट महिना ना!" मग त्यांनी आम्हाला चहा पाजला.

पुढे किनाऱ्याच्या बाजूने नांदगाव. गोविंद ठाकूर यांचे गाव. मग आत वळून सालवड. सुकूर मोरे यांचे गाव. सालवड आता बोईसरच्या कारखान्यांना लागून आहे. देशभरातून आलेले कामगार त्या भागात राहतात. काकांनी रस्त्याकडेची पाटी वाचली. 'सा-ल-व-ड.' मग म्हणाले, "झाली पाचही गावं." पाच नावे वाचायला काकांना दोन मिनिटे लागली होती. पाच गावे पाहायला दोन दिवस लागले. आणि त्या माणसांना या गावांतून पालघरला जायला एकच दिवस मिळाला. परतीचा दिवस त्यांना मिळाला नाही.

एवढ्या जवळ आलो, तर तारापूर का सोडायचे? तिथेही गेलो. तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो लढून घेतला. बाजी भीवराव रेठरेकर नावाचे शूर सरदार त्या लढाईत कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा किल्लाही मराठ्यांनी जिंकला. आज तारापूरची तटबंदी काळवंडली आहे. दगडांच्या फटींतून झाडे उगवली आहेत.

तारापूर म्हटले की आता लोकांना अणुवीज केंद्र आठवते. आपल्या देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. १९६९ साली ते सुरू झाले. पुढे केंद्र वाढवताना अक्करपट्टी आणि पोफरण या दोन गावांना आपली जागा सोडावी लागली. आपल्या घरात दिवा लागतो, तेव्हा कुणाच्या तरी अंगणाचे मोल त्यात असते. हेही आपण वाचले पाहिजे, ध्यानात ठेवले पाहिजे.

किल्ल्याजवळ सावलीत बसून आम्ही भाकरी सोडली. काका तटाकडे बघत म्हणाले, "गुरुजी, मी रोज सायकल चालवतो. घर ते बाजार, बाजार ते घर. चाळीस वर्षं झाली. पण मी कधी कुठं गेलोच नव्हतो."

मंडळी, हे वाक्य आमच्या काळजाला लागले.

आम्ही त्यांना मुंबईच्या तीन पारशी तरुणांची गोष्ट सांगितली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा. हे तिघे १९२३ साली मुंबईहून सायकलीवर निघाले. वाळवंटातून, बर्फातून, रानातून गेले. सगळी पृथ्वी फिरून १९२८ साली मुंबईला परत आले. साडेचार वर्षे ते सायकलीवर होते. काका म्हणाले, "त्यांनी जग बघितलं. मी तालुका बघितला. पण बघितला!"

परतताना काकांच्या सायकलीत काटा घुसला. टायर बसला. आम्ही घाबरलो. काका घाबरले नाहीत. पिशवीतून पाना, पंप, रबराचे तुकडे आणि सोल्युशनची नळी काढली. ट्यूब बाहेर काढून हवा भरली. घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. जिथून बुडबुडे आले, तिथे भोक. ती जागा पुसली, घासली, सोल्युशन लावले, वाळू दिले, वर तुकडा चिकटवला. टायरमध्ये हात फिरवून काटा शोधला आणि फेकून दिला. "काटा आत ठेवून पंक्चर काढलं तर काय उपयोग?" ते म्हणाले. असे बोलता बोलता ते थांबले. मग स्वतःशीच हसले. का हसले, ते आम्हाला तेव्हा कळले नाही.

ते आठ दिवसांनी कळले. काका वर्गात आले आणि म्हणाले, "गुरुजी, काटा काढला बरं का." त्यांनी पालघरहून एक जुनी सायकल आणली होती. ब्रेकचे रबर नवे बसवले होते. आणि अंगणात नात सायकल शिकत होती. काका मागे कॅरियर धरून धावत होते. पोर दोनदा पडली. तिसऱ्यांदा काकांनी हात सोडला, ते तिला कळलेच नाही. पाड्यावरच्या एकदोघांनी तोंड वाकडे केले. काकांनी त्यांना विचारले, "तुमच्या पोरीलाही शिकवू का?"

आता ती शाळेत रोज जाते. खिंडीचा रस्ता तिला लागत नाही. पाड्यावरच्या आणखी दोघी तिच्याबरोबर असतात. तिघी एकामागे एक, डाव्या कडेने. जायला दीड तास लागत असे, तिथे आता अर्धा तास लागतो.

तर मंडळी, आमची गोष्ट संपली. दोनच गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. सायकल काढण्याआधी रोज चार गोष्टी बघा. हवा, ब्रेक, चेन, घंटी. रात्री जायचे असेल तर पुढे दिवा आणि मागे लाल चकाकी हवीच. पावसात ब्रेक उशिरा लागतो, म्हणून सावकाश चला. आमचा सोललेला गुडघा आठवा.

दुसरी. तुम्हाला आता अक्षर येते. तुमच्या गावच्या वेशीवर, देवळात, चौकात, शाळेच्या भिंतीवर काही ना काही लिहिलेले असेल. आजवर तुम्ही त्याच्या समोरून गेलात. आता थांबा. सायकल घोड्यावर लावा. बोट ठेवून वाचा. वाचलेले घरी जाऊन सांगा. आणि घरात कुणी पोर शाळेसाठी अडलेली असेल, तर तो काटा आधी काढा.

पुढच्या आठवड्यात ज्याने जे वाचले, ते त्याने इथे फळ्यावर लिहून दाखवायचे. सुरुवात काका करणार आहेत.

रामराम.